उभा फोटो

रहिमतपूरच्या चांद फोटो स्टुडिओत माणूस कितीही ताठ उभा राहिला, तरी त्याचे पाय फोटोत येत नसत. अफसानाच्या फोटोत तरी नाहीच. चेहरा येई, खांदे येत, नवरी असली तर मांडीवरच्या मेंदीच्या हातांपर्यंत सगळं येई, आणि तिथून खाली फोटो संपे. गावातल्या बायकांना त्याचं काही वाटत नव्हतं. ही बाई चेहरा असा काढते की आरशातसुद्धा आपण इतक्या बऱ्या दिसत नाही, मग पायांचं काय लोणचं घालायचंय, असं त्या म्हणत.

चेहऱ्यांची करामत अफसानाच्या हातात होती तशी लेन्समध्येही होती, आणि ती लेन्स तिच्या सासऱ्यांची. दस्तगीर शिकलगारांनी तरुणपणी पुण्याच्या जुन्या बाजारातून मोठ्या रोलचा एक रशियन कॅमेरा आणला होता. त्याच्या फिल्मचा एकेक चौकोन तळहाताच्या खळग्याएवढा असे. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांनी त्या कॅमेऱ्यात बसवली. मग रोल मिळेनासे झाले, कॅमेऱ्याचा आतला पडदा फाटला, आणि तो वजनदार डबा कपाटात गेला. लेन्स मात्र ठणठणीत राहिली.

अफसाना सांगलीची. कॉलेज करून, लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला कॅमेरा धरायची अक्कल नव्हती. ती दस्तगीरांनी दिली. नवरा शाहरुख दिवसभर बाहेर, सासू अल्लाला प्यारी झालेली. घरात ही दोघंच. उजेड कुठून घ्यायचा, लाजणाऱ्या पोरीची मान कशी वळवायची, हे त्यांनी तिला पोटच्या पोरीसारखं शिकवलं. एकदा कपाट आवरताना तिच्या हाती ती लेन्स लागली आणि ती म्हणाली, "अब्बा, ही आपल्या डिजिटलला बसंल का हो?"

म्हाताऱ्याच्या अंगात पंचविशीतलं वारं शिरलं. कोरेगावच्या लेथवाल्याकडून त्यांनी ॲल्युमिनियमचं जाड कडं कातून आणलं. एका तोंडाला लेन्स बसायची, दुसरं तोंड कॅमेऱ्यावर. त्या संध्याकाळी स्टुडिओच्या दारात उभं राहून त्यांनी पहिला फोटो घेतला तो थेट मशिदीच्या मिनाराचा. "वा! आजून तशीच हाय की गं!" म्हणाले. मग अफसानानं कॅमेरा हातात घेतला, चौकातली माणसं टिपली, दस्तगीरांना दाखवली. ते फोटो त्यांनी बराच वेळ बघितले. शाहरुखही बाजूला उभा होता. तोही बघत होता.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर पुन्हा कोरेगावला गेले. थोडं काम राहिलंय म्हणाले. परत आले तेव्हा कडं आणि लेन्स यांच्यामध्ये एक पितळी चकती स्क्रूनं बसवलेली होती, जुन्या रुपयाच्या नाण्यासारखी पातळ.

"ही कवाबी काढू नगंस, बेटा," त्यांनी बजावलं. "काढलीस तर लेन्सचं बूड आत जाऊन कॅमेऱ्यातल्या आरशाला बडवंल. आरसा फुटला की कॅमेरा गेला."

उस्तादानं सांगितलं, शागिर्दानं ऐकलं. त्यात शंका घ्यायला जागा कुठे होती?

त्यानंतर कामाची वाटणी आपोआप झाली. बाहेरचं शाहरुखचं, आतलं अफसानाचं. वराती, शेतातले प्री-वेडिंग, ड्रोन, धरणाच्या पाण्यावरचा सूर्यास्त हे शाहरुखचं. त्याच्या फोटोंत आभाळ भरपूर असे आणि माणसांचे डोळे मिटलेले. अफसानाकडे नवरींच्या खोल्या, बायकांची बाजू, मेंदी, हळद आणि स्टुडिओतलं स्टूल. ती रिक्षात बसे, एका खोलीतून निघे आणि दुसऱ्या खोलीत शिरे. बायका आडपडदा न ठेवता तिच्यासमोर हसत-रडत, आणि तिचं नाव सातारा-सांगलीपर्यंत पोचलं.

एक अडचण तेवढी होती. मोठ्या फिल्मसाठी घडवलेली लेन्स छोट्या कॅमेऱ्यावर लावली की ताटातलं मधलंच तेवढं वाढल्यासारखं होतं. कडेचं सगळं बाहेर सांडतं. त्यामुळे माणूस फोटोत मावायचा तर मागं सरकावं लागतं. अफसाना सरकायची, आणि पाठ भिंतीला टेकायची. स्टुडिओच्या मागच्या भिंतीवरचा ऑइलपेंट एका ठिकाणी उडून काळपट झाला होता. तो डाग तिच्या पाठीचा होता. झाडू मारताना तिची नजर त्याच्यावर गेली की तिला उगाच गुदमरल्यासारखं व्हायचं.

आणखीही एक गोष्ट तिला टोचायची. लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेले होते. समोरची बाई सहा फुटांवर बसली, तरी चेहरा नीट दिसायला लेन्सचं फिरतं कडं दहा फुटांवर न्यावं लागे. तिनं विचारलं, तेव्हा दस्तगीर म्हणाले, "फिल्मच्या जागी छोटा सेन्सर हाय गं. त्यात समदंच दीडपट हुतं." सेन्सर लहान असला की चित्र अरुंद होतं, हे तिनं मोबाईलवर वाचलेलं होतं. तेच असेल, म्हणून तिनं सोडून दिलं.

सुरुवातीला ती शाहरुखला म्हणायची, "मी येऊ का एकदा बाहेरच्या कामाला?"

"अब्बास्नी इचार," तो म्हणायचा.

आणि अब्बा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "ही लेन्स बाहेरची न्हाईच, बेटा. हिचा जीव खोलीतच रमतो."

मग तिनं विचारायचं सोडलं. मनातून मात्र ते गेलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, उघड्यावर उभं राहून माणूस त्याच्या पायाखालच्या जमिनीसकट टिपायचा, एवढंच तिला हवं होतं. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते लोक.

उन्हाळ्याच्या तोंडाला सोनिया आली. सोनिया गावातल्या दवाखान्यात नर्स होती. तिचा स्थळांना पाठवायचा फोटो अफसानानंच काढला होता. घर म्हसवडकडचं, मेंढरंवाल्यांचं. आजा-पणज्यापासून मेंढरं, पण आता राखायला कोणी उरलं नव्हतं. कळप विकायचं ठरलं होतं.

"वहिनी, आज्जीचा फोटो पायजे," ती म्हणाली. "त्वांडाचा न्हाई. आज्जी उभी, पायापासनं डोक्यापतूर, आन् मागं समदी मेंढरं. मोठा करून लावायचाय. फोनवर काढलं मी ढीगभर, पर त्यात आज्जी काडीएवढी दिसती. तुमीच या."

"उघड्यावरचं शाहरुख बघतो," दस्तगीर आतून म्हणाले.

पण शाहरुख सांगलीला लग्नात अडकलेला, आणि कळप तर दोन दिवसांत जाणार होता. सोनिया हटून बसली. शेवटी दस्तगीर गप्प झाले. त्यांच्या गप्प बसण्यालाच अफसानानं होकार मानलं, आणि पहाटेच्या एसटीत जाऊन बसली. औंध, वडूज करत गाडी चालली. मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी होती. खिडकीतून बघताना तिला हसू येत होतं.

माळावर सोनियाची आज्जी धोंडुबाई तयारच होती. हातात काठी, डोक्यावरून पदर, पायात जाड वहाणा, आणि मागं उतारभर कळप. सकाळचं कोवळं ऊन, वारा स्वच्छ. अफसाना मागं सरकायला लागली. एक पाऊल, दोन पावलं, आणखी. पाठ टेकायला भिंतच नव्हती! ती लहान पोरीसारखी मागं-मागं गेली, आणि कॅमेऱ्यात धोंडुबाई डोक्यापासून वहाणांपर्यंत पहिल्यांदा पुरती मावली.

मग तिनं लेन्सचं कडं फिरवलं. धोंडुबाई धुरकट होती. अजून फिरवलं. थोडी उजळली, पण धुरकटच. अजून फिरवायला गेली तर कडं अडलं. शेवटाला आलं होतं.

तिनं लेन्स पुसली, डोळे पुसले. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडलं. चार पावलं पुढं गेली की म्हातारी लख्ख दिसे आणि पाय कापले जात. मागं आली की पाय येत आणि म्हातारी विरघळे. मेंढरांची तर नुसती पांढरी भुरभुर. दुसरी लेन्स होती ती शाहरुखबरोबर सांगलीला. मैलभर मोकळ्या माळावर अफसाना घामाघूम झाली. चौदा-पंधरा फुटांपलीकडे तिला काही दिसतच नव्हतं. स्टुडिओची खोली तेवढीच होती. भिंत तिच्याबरोबर एसटीत बसून आली होती जणू.

"काढ की गं पोरी," धोंडुबाई म्हणाली. "ऊन चढाय लागलंय."

"आज्जी, जरा पुढं या. अजून. हां."

"आन् मेंढरं?"

"येतील की. मागं येतील," अफसाना म्हणाली. खोटं बोलताना तिनं डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही.

पुढच्या आठवड्यात धोंडुबाई डोळे दाखवायला दवाखान्यात आली, तेव्हा सोनियाबरोबर स्टुडिओत फोटो बघायला आली. कळप तोवर गेला होता. अफसानानं मोठा केलेला फोटो पुढं ठेवला. म्हातारीचा चेहरा असा आला होता की एकेक सुरकुती बोलेल. धोंडुबाईनं तो जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला.

"त्वांड झ्याक आलंय," ती म्हणाली. "पर पोरी, मला ह्या चुन्याच्या भिताडाम्होरं का गं उभी केलीस?"

"भिंत न्हाई, आज्जी. मेंढरं हायत ती. धूसर आलीत."

"मेंढरं व्हय." म्हातारीनं त्या पांढऱ्यावरून बोट फिरवलं, एखादं कान-शिंग लागतंय का बघावं तसं. "ऱ्हाऊ दे. तुजा काय दोस." रागावली असती तर अफसानाला बरं वाटलं असतं.

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले दस्तगीर घाईनं म्हणाले, "आवं, माळावर उन्हाची वाफ असती. लेन्सला ती मानवत न्हाई."

अफसानानं वळून त्यांच्याकडे बघितलं. वाफ नव्हती. सकाळची वेळ होती, वारा होता. हे तिथं नव्हते, मग वाफ कुठून काढली यांनी? दस्तगीरांनी नजर काढून घेतली आणि चष्मा पुसायला लागले. उस्तादानं नजर चुकवलेली तिनं आजवर कधी पाहिली नव्हती.

दुपारी ते झोपले, तेव्हा ती कॅमेरा घेऊन गच्चीवर गेली. वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला बसून तिनं लेन्स काढली आणि ॲल्युमिनियमच्या कड्यातून आत बघितलं. आरसा पार तळाशी होता. लेन्सचं बूड जिथवर येत होतं तिथून आरशापर्यंत अख्खं बोट आडवं मावेल एवढी जागा होती. चकती होती ती नखाएवढीही जाड नव्हती. ती काढल्यावर लेन्स आरशाला बडवायची कशी? हे बघायला फक्त आत डोकवायचं होतं, आणि इतक्या वर्षांत ती डोकावली नव्हती, कारण अब्बांनी सांगितलं होतं.

शिलाई मशीनच्या डब्यातल्या स्क्रूड्रायव्हरनं तिनं चकती सोडवली. लेन्स परत बसवली. डोळे गच्च मिटले आणि बटण दाबलं. खट्‌. काही फुटलं नाही.

डोळे उघडून तिनं लेन्सचं कडं शेवटापर्यंत नेलं आणि कोरेगावच्या बाजूला बघितलं. डोंगर जागच्या जागी होता, आणि त्याच्या उतारावरचं एकेक झुडूप दिसत होतं. अलीकडं रस्त्यावरून कोणीतरी मोटारसायकलवर जात होतं; त्याच्या मागच्या पोत्याचा सुटलेला दोरा दिसत होता. मशिदीचा मिनार, टोकासकट. लेन्सवरचे आकडेही आता जिथल्या तिथे जुळत होते. दीडपट-बिडपट काही नव्हतं. त्या चकतीनं लेन्स जराशी पुढं ढकलली होती, म्हणून लांबचं सगळं विरघळत होतं.

तिला आनंद व्हायला हवा होता.  पण ती पहिली संध्याकाळ तिला आठवली. तेव्हा चकती नव्हती. मिनार आला होता, चौकातली माणसं आली होती, अब्बांनी ते फोटो बराच वेळ बघितले होते, आणि दुसऱ्या दिवशी ते चकती कातून आणायला गेले होते. चुकून झालं असेल, असं स्वतःला समजवायचा तिनं जिवापाड प्रयत्न केला. सासरी तिला माहेराएवढं जवळचं एकच माणूस होतं. पण चकती चुकून कातली जात नाही. कुणीतरी लेथवाल्यासमोर उभं राहून, एवढी पातळ, एवढी गोल, असं सांगावं लागतं.

चादरीत तोंड खुपसून ती रडली. मग चकती पदराला बांधून खाली आली आणि चहा टाकला. महिना तसाच गेला. ती बोलली नाही. कुणाला सांगणार होती? सांगितलं असतं तरी एवढ्याशा पितळेवरून घर डोक्यावर घेते म्हणाले असते.

मग तालुक्यातल्या फोटोग्राफरांच्या संघटनेनं जुन्या लोकांचा सत्कार काढला. त्यात दस्तगीर सगळ्यांत ज्येष्ठ. चौकात फ्लेक्स लागणार होता, आणि आपल्याकडे फ्लेक्सवर माणूस अर्धा चालत नाही. चपला-बुटांसकट उभा लागतो.

"मी काढतो मोबाईलवर," शाहरुख म्हणाला.

"आख्खं आयुष्य लेन्समागं गेलं माजं, आन् मोबाईलवर?" दस्तगीर भडकले. "माज्याच लेन्सनं काढायचा. अफसाना काढंल. कमरंपतूर बास."

"अवं अब्बा, फ्लेक्स पंधरा फुटी हाय! कमरंखाली काय लावू, कमळाची फुलं?"

"मी काढते उभा," अफसाना म्हणाली.

दस्तगीरांनी तिच्याकडे बघितलं. ती त्यांच्या शेरवानीची गुंडी लावत होती. कॉलर सरळ केली, खांद्यावरचा धागा उचलला, खिशाची पट्टी नीट बसवली. शाहरुख फ्लेक्सवाल्याकडे निघून गेला.

तिनं सासऱ्यांना स्टुडिओच्या दारात उभं केलं, वर पाटी येईल असं. स्वतः पायरी उतरली आणि मागं सरकायला लागली. गटार ओलांडलं. रस्त्यात आली. एक रिक्षा हॉर्न मारत तिला वळसा घालून गेली.

"आगं मागं बघ, गाडी ईल!" दस्तगीर ओरडले. "लय लांब गेलीस. हितनं यायचं न्हाई."

"येतंय, अब्बा."

"आगं त्या लेन्सला..." ते म्हणाले आणि थांबले.

ती रस्ता ओलांडून समोरच्या खताच्या दुकानाच्या कट्ट्याला टेकली. इथं टेकायला काही वाटलं नाही. कॅमेऱ्यात दार दिसत होतं, पाटीवरची चंद्रकोर दिसत होती, आणि दाराच्या चौकटीत डोक्यापासून बुटांपर्यंत तिचे सासरे. त्यांच्या भुवईचा केसन्‌ केस दिसत होता.

"हात असे लोंबतायत," तिनं ओरडून सांगितलं. "उजवा हात खिशात घाला जरा. फ्लेक्सला शोभतो."

दस्तगीरांनी हात खिशात घातला. बोटांना काहीतरी गार, गोल, पातळ लागलं. हाताला ते ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनीच कातून घेतलं होतं. त्यांची मान वर झाली, आणि त्यांनी रस्त्यापलीकडच्या कॅमेऱ्यात थेट बघितलं.

खट्‌.

ती रस्ता ओलांडून आली, पण पायरी चढली नाही. पायरीखाली उभी राहून तिनं कॅमेऱ्याची मागची काच त्यांच्यापुढं धरली. म्हाताऱ्यानं फोटो बघितला. फोटोग्राफर माणूस, चांगला फोटो कळत होता त्यांना. एवढा चांगला फोटो त्यांचा कुणी काढला नव्हता, आणि त्यातल्या चेहऱ्याकडे त्यांना बघवत नव्हतं.

"शाहरुखच्या हातात काय हाय गं?" ते हळू म्हणाले. "त्या सांजचं तुजं फोटो बघितलं आन् कळलं मला. तू भाईर पडली असतीस तर त्येला कोन इचारलं असतं? बाप हाय मी त्येचा."

"आणि माझं कोण हुता तुमी?" अफसाना म्हणाली.

 दस्तगीरांनी खिशातला हात बाहेर काढला नाही.

"त्या म्हातारीची मेंढरं ग्येली, अब्बा," ती म्हणाली.  "तिनं बोटानं चाचपली त्या फोटोत. तुमी बघत हुता खुर्चीत बसून. तवा तरी सांगायचं."

"परत लाव ती," ते म्हणाले. हुकूम नव्हता, विनवणी होती. "घरातलं घरात ऱ्हाईल."

"ती आता तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

कॅमेरा खांद्याला अडकवून तिनं फोन काढला आणि तिथंच रस्त्याकडेला उभं राहून सोनियाला लावला.

"सोनिया, कळप कुणाला दिला गं तुमी?... न्हाई, खाटकाला न्हाई ना? हां, राखणाऱ्यालाच. कुठलं गाव त्याचं?... लांब असू दे. आज्जीला घेऊन तिथं येशील? मेंढरं ओळखतील की तिला, का न्हाई ओळखणार. उद्याच. मी येते पहाटेच्या गाडीनं. एकटी येते."

"आत ये की गं," दारातून दस्तगीर म्हणाले. "ऊन हाय."

ती ऐकत होती, पण वळली नाही. गाडी कुठं बदलायची ते सोनिया सांगत होती, आणि ती उन्हात उभी राहून ते नीट लक्षात ठेवत होती.